आईला 'ट्रायलोबाइट!' वाचून दाखवतोय: फोर्टीचं पुढचं पुस्तक कोणतं घेऊ?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढल्यापासून आईचं वाचन बंद झालंय. ओळीच्या कडा दिसतात, पण जिथे बघायचं नेमका तिथेच डाग, असं म्हणते. त्यामुळे रोज रात्री जेवणं आटोपली की मी तिला तासभर वाचून दाखवतो. कादंबऱ्या झाल्या, आत्मचरित्रं झाली. मग "आता ते नवरा-बायकोचं रडगाणं पुरे" असं फर्मान निघालं. हाताशी होतं रिचर्ड फोर्टी यांचं 'ट्रायलोबाइट!'. मी इंग्रजी वाचतो आणि वाक्यागणिक मराठी करून सांगतो. वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळेल. आज अकरावा दिवस आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायलोबाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला कवचवाला समुद्री प्राणी, आणि फोर्टी म्हणजे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये उभी नोकरी ट्रायलोबाइटच्या संगतीत काढलेला माणूस. २०२५च्या मार्चमध्ये गेले. हे पुस्तक २००० सालचं. सुरुवातच टॉमस हार्डीच्या एका कादंबरीतल्या प्रसंगाने होते. नायक समुद्राकाठच्या कड्यावर लटकलाय आणि नाकासमोर खडकातून एक मेलेला प्राणी दगडी डोळ्यांनी त्याच्याकडे बघतोय. आईने तिथेच थांबवलं. "आधी सांग, पडला का तो?"

तर मदत अशी हवी आहे की ह्या 'ट्रायलोबाइट'ला मराठीत काय म्हणू? दर वेळी तो शब्द आला की आईची तार तुटते. दुसरं, ह्याच माणसाचं पुढचं कुठलं पुस्तक घ्यावं? आणि आपल्या भागातलं, आईला 'हो, हे मला माहितीये' असं वाटेल असं काही त्यात जोडून सांगता येईल का?

पोहेजलेबी_इंदूर

रुमाल टाकून ठेवतो. काकूंना नमस्कार सांगा.

मांडवीची_मीना

ती हार्डीची कादंबरी वाचलेली आहे. नायिका आपले आतले कपडे फाडून त्याचा दोर वळते आणि त्याला वर ओढते. हे आईंना कसं सांगितलंत ते आधी कळू द्या, बाकीचं नंतर.

सुरसागरकाठ

मीनाताई, पकडलंत. "पातळ फाडून दोर केला" म्हटलं. आई म्हणाली, "विलायतेत पातळ?"

खडकफोड्या

मस्त धागा. नोकरीत असताना हातोडी घेऊन बराच हिंडलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नावापासून सुरू करू. ट्रायलोबाइटचा अर्थ तीन खंडांचा. पण हे तीन खंड म्हणजे डोकं, धड, शेपूट नव्हेत. असा गैरसमज कॉलेजातल्या मुलांचाही असतो. डोकं-धड-शेपूट आहेतच, पण नाव पडलं ते उभ्या विभागणीवरून. मधोमध लांबलचक उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा. 'त्रिखंडी' म्हणालात तर आई नक्की आडवे तुकडे कल्पणार. दुसरा शब्द शोधा.

आता डोळे. हार्डीने दगडी डोळे लिहिले ते भलतंच खरं आहे. ट्रायलोबाइटची भिंगं कॅल्साइटची असतात, म्हणजे चुनखडीत आणि संगमरवरात असतं तेच खनिज. कॅल्साइटचा स्वच्छ पारदर्शक तुकडा छापील ओळीवर ठेवला की एकाच्या दोन ओळी दिसतात. मग ह्या प्राण्याला सगळं दुप्पट दिसायचं का? तर नाही. स्फटिकाची एक दिशा अशी असते की त्या दिशेने पाहिलं तर दुप्पट होत नाही, आणि प्रत्येक भिंगात नेमकी तीच दिशा बाहेर रोखलेली आहे. 'फॅकॉप्स' नावाच्या ट्रायलोबाइटची भिंगं तर इतकी सुटी आणि टपोरी की साध्या हातभिंगाने मोजता येतात. फोर्टीचं डोळ्यांवरचं प्रकरण आईंना घाईने वाचून दाखवू नका. तिथे दोन रात्री घालवल्या तरी चालेल.

पुढचं पुस्तक? माझं मत 'द अर्थ: ॲन इंटिमेट हिस्टरी' (२००४). कारण उद्या लिहितो, नातवाला आणायची वेळ झाली.

रावपुरा_रिटर्न

माझं मत उलट. 'द अर्थ' मी दोनदा सुरू केलं आणि दोनदा आल्प्समध्येच अडकून पडलो. माणूस लिहितो छान, वादच नाही, पण खडक सांगता सांगता इतिहास, मग चर्च कोणत्या दगडाचं, मग जेवण. अहो, प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे जमिनीचे तुकडे सरकतात ते, कधी? माझ्यासारख्या सरळमार्गी माणसाने 'लाइफ: ॲन अनऑथराइज्ड बायोग्राफी' (१९९७) घ्यावं. पहिल्या जिवापासून माणसापर्यंत सरळ रेघ. आणि सुरुवातीलाच तो कॉलेजातला पोरगा असताना स्पिट्सबर्गेनला, म्हणजे पार उत्तर ध्रुवाकडे, जीवाश्म गोळा करायला जातो ते. थंडी, बोट, तंबू. आईंना आवडेल.

अलकापुरीची_काकू

रावपुरा, फाटे फोडणं हाच तर त्याचा गुण! सरळ रेघ हवी असेल तर पाठ्यपुस्तक आहेच की. आणि तुमच्याकडे शेव-उसळ खायला गेलं की आधी तासभर तर्रीचा इतिहास ऐकावा लागतो, त्याचं काय?

रावपुरा_रिटर्न

काकू, ती वेगळी गोष्ट. तर्री जिवंत विषय आहे.

टेकडीवरचा_टोळ

कुणी गूल्डचं नाव घेतलं नाही म्हणून मीच घेतो. स्टीफन जे गूल्ड, अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ. तिथल्या 'नॅचरल हिस्टरी' मासिकात १९७४ ते २००१ दर महिन्याला निबंध, एकूण ३००. रात्री तासभर वाचायला निबंध बरे, एका बैठकीत एक संपतो. शिवाय बर्जेस शेलवरचं त्याचं 'वंडरफुल लाइफ' (१९८९) फोर्टीपेक्षा दहापट थरारक आहे. बर्जेस शेल म्हणजे कॅनडातला तो खडक, जिथे १९०९ साली वॉल्कॉटला मऊ अंगाच्या प्राण्यांचे ठसे मिळाले. गूल्ड म्हणतो, तिथले कितीतरी प्राणी आजच्या कुठल्याच गटात बसत नाहीत, आणि आपण आज इथे आहोत तो निव्वळ योगायोग.

खडकफोड्या

टोळभाऊ, थरारक आहे हे मान्य. पण ते वाचताना जरा हात राखून. त्यात 'हॅलुसिजेनिया' नावाचा एक प्राणी आहे. १९७७ साली कॉन्वे मॉरिस या जीवाश्मशास्त्रज्ञाने त्याचं चित्र उभं केलं ते काट्यांवर चालणारा आणि पाठीवर मऊ नळ्या असणारा जीव म्हणून. गूल्डच्या पुस्तकात तो तसाच आहे. १९९१ मध्ये चीनमधल्या जीवाश्मांवरून कळलं की चित्र उलटं होतं! काटे पाठीवर आणि नळ्या म्हणजे पाय. 'कुठेच न बसणारा' म्हणून मिरवलेला प्राणी सुलटा केल्यावर मखमली किड्यांच्या नातेवाइकांत जाऊन बसला.

आणि ह्या भांडणात फोर्टी स्वतः होता. त्याने आणि ब्रिग्ज या सहकाऱ्याने १९८९ मध्येच दाखवलं होतं की बर्जेसचे संधिपाद (सांधेदार पायांचे, खेकड्यासारखे) प्राणी एका वंशवृक्षावर बसवता येतात. म्हणजे शास्त्रीय मुद्द्यात तो गूल्डच्या विरुद्ध. तरी पुढे कॉन्वे मॉरिसने गूल्डवर तोंडसुख घेतलं तेव्हा 'ट्रायलोबाइट!'मध्ये फोर्टीने कान धरला तो कॉन्वे मॉरिसचा. मला हा माणूस आवडतो तो अशा जागी.

आता कालचं राहिलेलं, 'द अर्थ' का? पुस्तक नेपल्सच्या उपसागरापाशी सुरू होतं. तिथे पोझुओली गावात जुन्या रोमन बाजाराचे तीन खांब उभे आहेत. खांबांवर जमिनीपासून बऱ्याच उंचीवर एक खरबरीत पट्टा आहे, समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेला. म्हणजे खांब उभेच्या उभे समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. चार्ल्स लायल या भूवैज्ञानिकाने १८३०च्या आपल्या ग्रंथात मुखपृष्ठामागे हेच चित्र छापलं होतं.

आणि सुरसागरकाठ, तुमचा 'आपल्या भागातलं' हा धागा इथे जुळतो. ह्याच लायलने पुढच्या आवृत्त्यांत आपल्या कच्छचंही चित्र दिलं. १६ जून १८१९चा भूकंप. रणात सिंदरीचा किल्ला पाण्यात बसला आणि त्याच्या उत्तरेला लांबच लांब बांध जमिनीतून वर आला. लोकांनी नाव ठेवलं अल्लाबंद, कारण माणसाने बांधलेला नाही. आईंना २६ जानेवारी २००१चा भूकंप नक्की आठवत असेल. तिथून सुरू करा, मग सिंदरी, मग पोझुओली. हा उलटा रस्ता सोपा जाईल.

मांडवीची_मीना

२००१ ला आम्ही सगळे झेंडावंदनाच्या कपड्यांत रस्त्यावर उभे होतो. समोरच्या आजी हातात लाटणं घेऊन उतरल्या होत्या, दिवसभर ते हातातच.

खडकफोड्या, फारच सुंदर. +१००

विश्वामित्रीचा_मगर

माझ्या आयडीला शोभेल असा सल्ला: 'सर्व्हायव्हर्स' (२०११). कोट्यवधी वर्षं तगून राहिलेल्या वंशांच्या शोधात लेखक जगभर फिरतो. सुरुवात डेलावेअरच्या किनाऱ्यावर रात्री हजारोंनी अंडी घालायला येणाऱ्या हॉर्सशू क्रॅबपासून. बडोदेकरांना मात्र एवढं फिरायची गरज नाही. आमच्याकडे सर्व्हायव्हर्स पावसाळ्यात स्वतः सोसायटीच्या गेटपाशी येतात, वॉचमन उठून जागा देतो.

खडकफोड्या

हा हा. पण मगरीला 'जिवंत जीवाश्म' म्हणू नका हं. तिच्या जुन्या नातलगांत जमिनीवर पळणारे, शाकाहारी, समुद्रात वल्ह्यांनी पोहणारे असे नाना नमुने होते. आज उरलेत ते त्या खानदानातले पाण्याकाठी दबा धरणारे तेवढे.

रच्याकने, हॉर्सशू क्रॅब ओडिशाच्या किनाऱ्यावरही आहे. ट्रायलोबाइटचा लांबचा भाऊबंद म्हणता येईल.

नवखी_नर्मदा

मला विज्ञानातलं फार कळत नाही, चुकलं तर सांगा. आमच्या देवघरात सासूबाईंचा शाळिग्राम आहे, तो ट्रायलोबाइटच असतो ना? काळा, वाटोळा. सासऱ्यांच्या वेळी एकदा हातातून निसटून त्याचा टवका उडाला, तेव्हा आत चक्र दिसलं. कडेला बारीक वळ्या, करंजीच्या मुरडीसारख्या, आत आत जाताना लहान होत गेलेल्या. सासूबाई त्याच बाजूने चंदन लावायच्या.

खडकफोड्या

नर्मदाताई, करंजीची मुरड! हे वर्गात सुचायला हवं होतं.

तो ट्रायलोबाइट नव्हे, ॲमोनाइट. ट्रायलोबाइट खेकडा-विंचवाच्या बाजूचा, ॲमोनाइट माकुलाच्या (स्क्विडच्या) बाजूचा, शंखात राहणारा. ट्रायलोबाइट साधारण २५.२ कोटी वर्षांपूर्वी संपले. ॲमोनाइट पुढे तगले आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर गेले. गंडकीतले शाळिग्राम हिमालयाच्या काळ्या शेलमधून (चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकातून) येतात, मुख्यतः जुरासिक. म्हणजे तुमच्या देवघरात एका समुद्राचा तळ आहे, जो आज मुक्तिनाथच्या उंचीवर जाऊन बसलाय. परंपरा म्हणते वज्रकीट नावाच्या किड्याने ती चक्रं कोरली. किडा नसला तरी प्राण्याचंच काम हे ओळखलं होतं बघा.

टेकडीवरचा_टोळ

ॲमोनाइट म्हटल्यावर जुनी जखम भळभळली. मामाने कच्छहून आणलेला, बशीएवढा, तपकिरी. सातवीत विज्ञान प्रदर्शनात ठेवला. प्रदर्शन संपल्यावर बाई म्हणाल्या शाळेच्या कपाटात राहू दे, सगळ्या मुलांना बघता येईल. दहावीला मागायला गेलो तर कपाटाचं कुलूप बदललेलं आणि बाईंची बदली झालेली. नव्या सरांनी शोधून माझ्या हातात काय ठेवावं? शंख. फुंकायचा.

अलकापुरीची_काकू

अरेरे. फुंकलास का?

टेकडीवरचा_टोळ

गणपतीत दर वर्षी.

पोहेजलेबी_इंदूर

रुमाल टाकला होता, आता बसतो. देवघरावरून आठवलं. आमच्याकडे धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक पिढ्यानपिढ्या तळहातावर मावतील असे गोल दगड शेताच्या बांधावर मांडून पुजत आले. नाव काकड भैरव. शेत आणि गुरं राखतो म्हणून. २०२३च्या शेवटी बातमी आली की लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे लोक बघून गेले आणि ती टायटॅनोसॉर या डायनासोरची अंडी निघाली. त्याच वर्षी बाग-कुक्षी पट्ट्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा शोधनिबंध आला होता. आमच्या घरी बातमी वाचल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "राखण तर केली ना त्यांनी? मग झालं."

विश्वामित्रीचा_मगर

मग बालासिनोर का मागे राहील? बडोद्याहून निघालो तर दोन तासांत रैयोली. १९८०च्या सुमाराला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना तिथे डायनासोरची हाडं मिळाली, त्यातूनच पुढे २००३ मध्ये 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव ठेवलं गेलं. आम्ही गेलो तेव्हा गाइड सांगत होता की गावातली एक म्हातारी अंडं वरवंटा म्हणून वापरायची, मसाला वाटायला. माझ्या मुलीने तिथे पायाशी आलेला प्रत्येक दगड उचलून "हे अंडं?" विचारलं. शेवटी गाइडने हात जोडले.

खडकफोड्या

मुलीला सांगा, प्रत्येक गोल दगड अंडं नसतो, आणि असलाच तर जागचा हलवायचा नाही. एकदा जागेवरून उचललं की कुठल्या थरात होतं, शेजारी काय होतं, सगळं गेलं. त्याच भागात, ढोली डुंगरीत, आपले भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना घरट्याचा एक ठोकळा मिळाला. सुरुवातीला त्यातली सगळी हाडं डायनासोरच्या पिल्लांचीच समजली गेली. २००१ मध्ये जेफ विल्सन या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की काही मणके सापाचे आहेत! साडेतीन मीटरचा साप अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. २०१० मध्ये 'सनाजेह इंडिकस' नावाने जाहीर झाला. ठोकळा फोडून कुणी अंडं तेवढं घरी नेलं असतं तर साप कधीच दिसला नसता.

रावपुरा_रिटर्न

इतकं सगळं आपल्या दाराशी असताना आपण वेल्सचे ट्रायलोबाइट का वाचतोय? आपल्याकडचा कुणी असं का लिहीत नाही? निबंध असतील, अहवाल असतील, पण असं ऐसपैस, जेवणासकट? (हो, जेवणासकट. शब्द मागे घेतो.)

अलकापुरीची_काकू

लिहायची परंपरा बडोद्यात तरी होती की. ब्रूस फूट, मद्रासकडे पहिलं अश्मयुगीन हत्यार ओळखणारा, निवृत्तीनंतर सयाजीरावांच्या नोकरीत आला आणि बडोदा संस्थानाच्या भूगर्भावर १८९८ साली पुस्तक काढलं. आणि दाराशा वाडिया, ज्यांच्या १९१९च्या ग्रंथावर देशभरच्या पोरांनी परीक्षा दिल्या, ते आपल्या बडोदा कॉलेजातलेच विद्यार्थी. पण ते सगळं इंग्रजीत आणि शिकणाऱ्यांसाठी. रात्री आईला वाचून दाखवायचं म्हटलं तर अवघडच.

मांडवीची_मीना

खडकफोड्या, तुम्हीच लिहा की. इथे जे लिहिलंत तेच थोडं वाढवून. सिंदरीपासून सुरू करा.

खडकफोड्या

अहो, मी आयुष्यभर अहवाल लिहिले. 'सदर खडक राखाडी रंगाचा असून' ह्याच्या पुढे हात चालत नाही.

विश्वामित्रीचा_मगर

वर सापाचं लिहिलंत त्यात एकदाही 'सदर' नव्हतं. मोजलं मी.

सुरसागरकाठ

मंडळी, तीन दिवस गायब होतो, आईला दवाखान्यात इंजेक्शनला न्यायचं होतं. ठीक आहे ती. तिथे रांगेत बसल्या बसल्या तिला हा सगळा धागा वाचून दाखवला, टोळाच्या शंखासकट. शेजारच्या बाकावरचे एक गुजराती काका इतके रंगले की त्यांचा नंबर पुकारला तरी उठेनात.

आता वृत्तांत. डोळ्यांचं प्रकरण खडकफोड्यांच्या सांगण्याप्रमाणे दोन रात्री चाललं. दगडी भिंगाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याही डोळ्यात मोतीबिंदूच्या वेळी भिंग घातलंय की. त्याचं टिकलं एवढी वर्षं, माझं बघू."

नावाचं. मी तिला सांगितलं की तीन भाग आडवे नाहीत, उभे आहेत. मग पुस्तकातल्या चित्रावर तिचं बोट धरून वरून खाली फिरवलं, मधला उंचवटा, मग डावीकडचा पट्टा, मग उजवीकडचा. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तिपेडी. वेणी असते ना, तीन पेडांची." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव तिपेडी. काल एका ठिकाणी मीच चुकून ट्रायलोबाइट म्हणालो तर म्हणते, "हा कोण नवीन?"

खडकफोड्या

तिपेडी. वा. चाळीस वर्षं झाली, मला हे सुचलं नाही. आईंना माझा नमस्कार.

नवखी_नर्मदा

किती गोड! मी आजच शाळिग्राम ताम्हनात घेऊन नीट बघितला. वळ्या मोजायला लागले तर नैवेद्याला उशीर झाला.

रावपुरा_रिटर्न

मग पुढचं पुस्तक कोणतं ठरलं? 'लाइफ' की 'द अर्थ'? आमची इथे पैज लागली आहे.

सुरसागरकाठ

पैज कुणीच जिंकलं नाही. दोन्हींबद्दल सांगितलं, मगरसाहेबांच्या 'सर्व्हायव्हर्स'बद्दलही. 'सर्व्हायव्हर्स' तिने लगेच बाद केलं, "मगरी मला खिडकीतून ऐकू येतात" म्हणून. (येत नाहीत. पंप आहे तो.) मग फोर्टीच्याच 'ड्राय स्टोअर रूम नंबर वन' (२००८) बद्दल सांगितलं. म्युझियमच्या मागच्या बंद खोल्या, तिथले कपाटात हरवलेले नमुने आणि त्याहून चक्रम शास्त्रज्ञ. तिने विचारलं, "कमाटीबागेतल्या म्युझियमसारखं? तो देवमाशाचा सांगाडा आहे तसं?" म्हटलं, तसंच, पण पडद्यामागचं. लग्न झाल्यावर बाबांनी तिला पहिल्यांदा फिरायला तिथेच नेलं होतं म्हणे. हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. सांगाड्याखाली उभं राहून बाबा वीस मिनिटं एक अक्षर बोलले नाहीत.

तर ते ठरलं. उद्यापासून सुरू. फक्त एक अट घातली आहे: त्यात नवरा-बायको निघाले तर पान उलटायचं.